पत्त्यांचा कॅट, ठिपके आणि स्टॉपवॉच: बोधनिक मानसशास्त्राचा इतिहास हाताने कसा शिकावा

बोधनिक मानसशास्त्राचा, म्हणजे लक्ष, स्मृती, विचार यांच्या अभ्यासाचा, इतिहास बहुतेक जण तक्त्यात पाठ करतात. डावीकडे विचारधारा, मध्ये नाव, उजवीकडे साल: वुंट १८७९, वॉटसन १९१३, नाइसर १९६७. पेपर सुटतो. पण लोक रचनावाद (अनुभवाचे घटक शोधणं) सोडून वर्तनवादाकडे (फक्त बाहेरून दिसणारं वागणं अभ्यासणं) का गेले आणि चाळीसेक वर्षांनी पुन्हा मनाकडे का वळले, असं विचारलं की तक्ता गप्प बसतो. या सगळ्यांचं भांडण मुख्यतः एकाच गोष्टीवर होतं: मनाबद्दलचा पुरावा म्हणून काय धरायचं? माणसाने सांगितलेला अनुभव, लागलेला वेळ, झालेल्या चुका, की नुसतं बाहेरून दिसणारं वागणं? एक पद्धत जिथे अडली, तिथून पुढची सुरू झाली. ती अडचण कळायला मूळ प्रयोग छोट्या रूपात करून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. खालचे सगळे प्रयोग घरात किंवा वर्गात होतात.

तयारी

पत्त्यांचा एक कॅट, पन्नासेक कोरी कार्डं, लाल, निळं, हिरवं आणि काळं स्केचपेन, ए-फोर कागद, पट्टी, मोबाइलमधला स्टॉपवॉच आणि मेट्रोनोमचं (ठरावीक लयीत ठोके देणारं) एखादं फुकट अॅप. माणसं चार-पाच तरी हवीत. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधले शब्दच इथे वापरू: प्रयोग घेणारा तो प्रयोगकर्ता, देणारा तो प्रयुक्त.

नियम तीनच आहेत, पण ते मोडले की आकडे फुकट जातात. प्रयुक्ताला काय अपेक्षित आहे ते आधी सांगू नका. दोन कामांची तुलना असेल तर क्रम ‘पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं’ असा ठेवा, म्हणजे सरावाचा फायदा आणि कंटाळ्याचा तोटा दोघांत सारखा वाटला जातो. आणि वेळेबरोबर चुकाही लिहा. चुका न लिहिलेली वेळ बिनकामाची, कारण घाई करून कोणीही वेळ कमी करू शकतो.

डोंडर्स: वजाबाकी

सुरुवात वुंटपासून करू नका. योहानेस म्युलरसारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाला मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजण्यापलीकडचा वाटत होता. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायावर तो मोजला आणि तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आतबाहेर निघाला. मनाच्या कामाला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, ही कल्पना इथून आली. १८६८ मध्ये उत्रेख्तच्या फ्रान्सिस्कुस डोंडर्सने तिची पद्धत केली: साध्या प्रतिक्रियेची वेळ घ्या, निवड करावी लागेल अशा प्रतिक्रियेची वेळ घ्या, वजाबाकी करा. जे उरेल ती निवडीची वेळ.

जोकर काढून कॅट नीट पिसा. गठ्ठा पालथा डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने एकेक पान उलटून टेबलावर ठेवायचं. कामं चार आहेत:

१. पान उलटून आळीपाळीने दोन ढिगांत ठेवा, रंगाकडे लक्ष देऊ नका.
२. लाल डावीकडे, काळं उजवीकडे.
३. ओळीने चार ढिगांत फिरत ठेवा.
४. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट वेगवेगळ्या ढिगांत.

ढिगांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. चौथ्या कामासाठी प्रत्येक जागी चिन्हाची चिठ्ठी चिकटवा, नाहीतर कुठला ढीग कशाचा हे आठवण्याचा वेळही त्यात मिसळतो. क्रम १, २, ३, ४, ४, ३, २, १. प्रत्येक कामाच्या दोन वेळांची सरासरी काढा. दुसऱ्यातून पहिलं वजा करून ५२ ने भागा, चौथ्यातून तिसरं वजा करून ५२ ने भागा. समजा पहिल्याला ४० सेकंद लागले आणि दुसऱ्याला ५३, तर दोन रंगांतल्या निवडीला पानामागे पाव सेकंद.

पहिलं आणि तिसरं काम वेगळं का, हा प्रश्न इथे येतोच. चार ठिकाणी हात नेण्याला दोन ठिकाणी नेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून चौथ्यातून पहिलं वजा केलंत तर हाताचा वेळ मनाच्या नावावर चढतो. दुसरी गफलत म्हणजे गठ्ठा उताणा धरणं. मग हात एक पान ठेवत असताना डोळे पुढचं वाचून मोकळे होतात, आणि निवड झाली तरी ती वेळेत दिसत नाही. वजाबाकी उणे आली तर बहुधा पहिल्या कामात प्रयुक्त ढीग नीटनेटके रचत बसलेला असतो.

डोंडर्सची पद्धत तुटली ती याहून खोल जागी. निवडीची एक पायरी मध्ये घातली तरी बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात, हे त्याने गृहीत धरलं होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ क्युल्पे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच नाकारलं: काम बदललं की माणसाची सगळी तयारीच बदलते. पद्धत मागे पडली. तिला नवं रूप मिळायला १९६० च्या दशकात सॉल स्टर्नबर्ग यावा लागला. त्याने पायरी काढण्याऐवजी तिच्यावरचा भार वाढवला. एक ते सहा अंक लक्षात ठेवायला द्यायचे आणि मग एक अंक दाखवून ‘यादीत होता का?’ असं विचारायचं. १९६६ च्या निष्कर्षात यादीतल्या प्रत्येक जादा अंकामागे उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागत होते. हे हातातल्या स्टॉपवॉचने मोजता येत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

अंतर्निरीक्षण, आणि ते का पुरलं नाही

अंतर्निरीक्षण म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललंय ते पाहून सांगणं. १८७९ मध्ये लाइपझिगला वुंटची प्रयोगशाळा सुरू झाली. गाइडांमध्ये वुंटला सरसकट रचनावादी लिहितात, ते टाळा. रचनावाद हे नाव आणि तो कडक कार्यक्रम त्याचा विद्यार्थी टिचनर याचा, अमेरिकेत कॉर्नेलला, १८९२ नंतरचा. वुंट स्वतः प्रयोगशाळेत अगदी साध्या, झटपट उत्तरांपुरतंच अंतर्निरीक्षण चालवायचा. भाषा आणि रूढी यांसारख्या गोष्टी प्रयोगाने कळणार नाहीत असं त्याचं मत होतं, आणि त्यांच्यासाठी त्याने वेगळे दहा खंड लिहिले.

टिचनरच्या शिस्तीची चव घ्यायची तर समोर लिंबू ठेवा आणि दोघांनी दोन मिनिटं, एकमेकांशी न बोलता, फक्त संवेदना लिहा. ‘लिंबू’ हा शब्द आला की चूक, कारण तुम्ही वस्तूचं नाव सांगितलंत, अनुभव नाही. टिचनर याला उद्दीपक-दोष म्हणे. मग कागद ताडून पाहा. एक म्हणतो पिवळ्यात हिरवट छटा, दुसरा म्हणतो नाही. कोण बरोबर, हे ठरवायला तिसरा पुरावाच नसतो.

याहून बोलका प्रयोग वजनांचा आहे. एकसारख्या दोन बाटल्या घ्या, एकीत ५०० मिलिलिटर पाणी, दुसरीत ५४०. बाहेरून पातळी दिसू नये म्हणून कागद गुंडाळा. प्रयुक्ताने एकाच हाताने, एकामागून एक उचलून जड कोणती ते सांगायचं. दहा वेळा, क्रम बदलत. प्रत्येक उत्तरानंतर लगेच विचारा: ‘हे ठरवताना मनात काय आलं?’ उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, पण ठरवण्याची क्रिया मात्र कोणालाच सापडत नाही. ‘असंच वाटलं’ याच्यापुढे गाडी जात नाही. १९०१ मध्ये व्युर्झबुर्गला कार्ल मार्बेला हेच दिसलं. मनाचं बरंच काम मनालाच दिसत नाही, म्हणजे आत पाहून मन कळेल या कल्पनेचा पायाच डळमळला. पाण्यातला फरक १०० मिलिलिटरवर नेऊ नका, उत्तर इतकं उघड होतं की विचारायला काही उरत नाही.

विल्यम जेम्स आणि शिकागोचे कार्यवादी ‘मन कशाचं बनलंय’ याऐवजी ‘मन कशासाठी आहे’ असं विचारत होते. विचारधारा म्हणून महत्त्वाची, पण घरी करण्याजोगा तिचा एकच असा प्रयोग नाही.

एबिंगहाउस: विसरणं मोजायचं कसं

हा प्रयोग सर्वांत जास्त वेळ खातो आणि सर्वांत जास्त शिकवतो. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये छापलेलं सगळं काम एकाच प्रयुक्तावर, स्वतःवर, केलेलं होतं. त्यासाठी त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले आणि मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत ते वाचून पाठ केले. ‘आठवतं का?’ हे त्याने विचारलंच नाही. पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचले, ते मोजलं. माणूस ‘काहीच आठवत नाही’ म्हणत असतानाही ही बचत दिसते. अंतर्निरीक्षणाला न सापडणारी स्मृती अशी आकड्यात आली.

आधी अक्षरसमूह. व्यंजन, स्वर, व्यंजन अशी जुळणी: घेब, झूप, ठोन, खीठ, छोग, डूभ, थेफ, फेझ. इथे मराठी माणसाचा घोळ होतो तो असा की आपल्या डोक्यात तीन भाषा असतात. ‘रोझ’ मराठीत निरर्थक, पण इंग्रजीत फूल. ‘बेड’, ‘मेल’, ‘पेन’ तर मराठीच झालेत. ‘ढेर’ हिंदीतून आत येतो. म्हणून तयार यादी दुसऱ्या कोणाला वाचून दाखवा आणि ज्याला कसलाही अर्थ सुटतो तो समूह काढा. एका यादीत तेच व्यंजन दोनदा सुरुवातीला येऊ देऊ नका.

दहा-दहा समूहांच्या चार याद्या करा. सात समूहांची करू नका. सात समूह एबिंगहाउसला एका वाचनात पाठ होत, आणि पहिल्यांदाच एक वाचन पुरलं तर वाचवायला उरतं काय? मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावा, एका ठोक्याला एक समूह. यादी वाचा, मग न पाहता म्हणा, अडलात की पुन्हा वाचा. न अडखळता एकदा पूर्ण म्हणता आली की थांबा आणि किती वाचनं लागली ते लिहा.

पहिली यादी २० मिनिटांनी पुन्हा पाठ करा, दुसरी एका तासाने, तिसरी एका दिवसाने, चौथी सहा दिवसांनी. प्रत्येक यादीला एकच अंतर. जर्नलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक इथलीच: एकच यादी २० मिनिटांनी, मग तासाने, मग दुसऱ्या दिवशी. अशाने तुम्ही विसरणं मोजत नाही, तिसरी-चौथी उजळणी मोजता, आणि वक्र खाली यायच्या ऐवजी वर जातो.

बचत = (पहिल्या वेळची वाचनं − पुन्हा लागलेली वाचनं) ÷ पहिल्या वेळची वाचनं × १००. पहिल्यांदा १५ आणि नंतर ९ लागली तर बचत ४० टक्के. एबिंगहाउसचे आकडे असे: सुमारे २० मिनिटांनी ५८ टक्के, तासाने ४४, दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५, एकतीस दिवसांनी २१. पहिल्या तासात मोठी घसरण, पुढे हळूहळू. २०१५ मध्ये अॅम्स्टरडॅममध्ये एका प्रयुक्तावर हाच प्रयोग पुन्हा केला गेला आणि वक्र जवळजवळ तसाच आला.

तुमचा वक्र वेडावाकडा आला तर दोन गोष्टी तपासा. पाठ करण्याची वेळ बदलली का? एबिंगहाउसला स्वतःला दिवसाच्या उत्तरार्धात पाठ करायला जास्त वेळ लागायचा आणि तो त्याची दुरुस्ती आकड्यांत करायचा. आणि मधल्या वेळात प्रयुक्ताने यादी मनात घोळवली का? घोळवतातच. चारही याद्या एकाच दिवशी पाठ केल्यात तर त्या एकमेकींत मिसळतात, म्हणून दिवसाला एकच.

ठिपके आणि मेणबत्ती: समष्टिवाद

१९१२ मध्ये माक्स वेर्थायमरने दाखवलं की दोन स्थिर रेषा ठरावीक अंतराने एकामागून एक दाखवल्या तर माणसाला हालचाल दिसते. हालचाल तर एकाही रेषेत नसते. फ्रांकफुर्टच्या त्या प्रयोगातले मुख्य प्रयुक्त कोलर आणि कोफ्का हे दोघेच पुढे समष्टिवाद (गेस्टाल्ट) या विचारधारेचे खांब झाले. तुकडे मोजून पूर्ण कळत नाही, हा टिचनरला दिलेला जवाब होता.

ठिपक्यांच्या रांगोळीत दोन्ही बाजूंनी अंतर सारखं ठेवतात, म्हणून नजर आडवी किंवा उभी कुठेही बांधली जात नाही. तेच अंतर मोडून पाहा. पाच कार्डांवर आठ बाय आठ ठिपके काढा. आडवं अंतर सगळीकडे १० मिलिमीटर, उभं मात्र १०, ११, १२, १३ आणि १५. प्रत्येक कार्डावर एकाआड एक उभा रकाना लाल, बाकीचे काळे. कार्डं मिसळून एकेक सेकंदभर दाखवा आणि विचारा: ‘आडव्या रांगा की उभ्या?’ रंग उभं ओढतो, अंतर आडवं ओढतं. कुठल्या कार्डावर उत्तर पालटतं ते प्रत्येकाचं लिहा. जास्त वेळ दाखवलंत तर प्रयुक्त मोजायला लागतो आणि मग तो पाहत नाही, हिशोब करतो.

कार्ल डुंकरचा मेणबत्तीचा प्रश्न सोपा दिसतो. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांची पुठ्ठ्याची डबी. मेणबत्ती भिंतीवर किंवा फळ्यावर उभी राहिली पाहिजे आणि मेण टेबलावर सांडता कामा नये. पेटवायची गरज नाही. निम्म्या लोकांना टाचण्या डबीत भरून द्या, निम्म्यांना डबी रिकामी आणि टाचण्या शेजारी. दहा मिनिटांची मर्यादा. डबी फळ्यावर टाचून तिच्यावर मेणबत्ती ठेवायची, हे रिकामी डबी पाहणाऱ्यांना लवकर सुचतं. भरलेली डबी ही ‘टाचण्या ठेवायची जागा’ होऊन बसते. आधी विचारून घ्या, कारण हा प्रश्न मोबाइलवर फार फिरलेला आहे आणि एका माहितगाराने निकाल बिघडतो.

वर्तनवाद, थोडक्यात

वॉटसनने १९१३ मध्ये मनाचा विषयच खटल्याबाहेर काढला: पुरावा म्हणजे वर्तन, बाकी काही नाही. लिंबाचा प्रयोग केल्यावर त्याची चीड समजते. पण चक्रव्यूहात अन्नाशिवाय भटकलेल्या उंदरांना टोलमन आणि हॉन्झिक यांनी (१९३०) अकराव्या दिवसापासून अन्न दिलं, आणि ते एकदम रोज अन्न मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आले. बक्षिसाशिवाय ते काहीतरी शिकलेच होते. टोलमनने १९४८ मध्ये त्याला डोक्यातला नकाशा म्हटलं. वर्तनवादी स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाची भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये केलेली चिरफाड सगळ्यांना माहीत असते. पण वर्तनवादाचं राज्य मुख्यतः अमेरिकेत होतं, हे विसरलं जातं. केंब्रिजला बार्टलेट, जिनिव्हाला पियाजे, त्यांचं काम चालूच होतं.

बार्टलेटचा (१९३२) प्रयोग कानगोष्टीसारखा आहे, फक्त लेखी. दूरच्या संस्कृतीतली तीनशे शब्दांची लोककथा घ्या, चिऊ-काऊची नको. पहिला ती दोनदा वाचतो, पंधरा मिनिटांनी आठवून लिहितो. त्याचं लेखन दुसरा वाचतो. अशी पाच माणसं. कथेचे तीसेक मुद्दे आधी पाडून ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर किती उरले, किती बदलले, किती नवे शिरले ते मोजा. विचित्र भाग गळतात आणि ओळखीचे शिरतात. सूचना मात्र शब्दशः सगळ्यांना सारखी द्या. १९६७ मध्ये गॉल्ड आणि स्टीफन्सन यांनी दाखवलं की ‘जे नक्की आठवतं तेवढंच लिहा’ असं बजावलं की भर घालणं बरंच कमी होतं. म्हणजे बदलातला काही भाग स्मृतीचा, तर काही गोष्ट पुरी करण्याच्या सवयीचा.

स्ट्रूप: शाईचा रंग

वर्तनवादाच्या ऐन भरात, १९३५ मध्ये, टेनेसीतल्या नॅशव्हिलला जे. रिडली स्ट्रूपने हा प्रयोग छापला. शंभर चौकोनांचे रंग सांगायला त्याच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. वेगळ्याच रंगांची नावं असलेल्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. त्याचा खरा बोलबाला झाला तो १९६० नंतर, ‘अवधान’ (लक्ष) हा शब्द पुन्हा मानाने वापरता येऊ लागल्यावर.

मराठी तक्ता असा करा. शब्द चार: लाल, निळा, हिरवा, काळा. पिवळा घेऊ नका, पांढऱ्या कागदावर पिवळं स्केचपेन वाचताच येत नाही आणि वेळ त्यातच जाते. एका कागदावर पाच रकाने, आठ ओळी, एकूण ४० जागा, प्रत्येक रंग दहा वेळा. पहिल्या कागदावर रंगीत चौकोन. दुसऱ्यावर शब्द, पण ‘लाल’ हा शब्द कधी निळ्या, कधी हिरव्या, कधी काळ्या शाईत, लाल शाईत कधीच नाही. तोच शाईचा रंग लागोपाठ दोनदा नको. आधी जो शब्द वाचायचा टाळला तोच लगेच पुढच्या शाईचा रंगही नको, त्याने अडखळणं वाढतं आणि तुमच्या हिशोबात नसलेली गोष्ट मोजली जाते. अक्षरं आणि चौकोन सारख्याच उंचीचे, १ सेंटिमीटर.

सूचना: ‘शाईचा रंग मोठ्याने सांगा. चुकलात तर दुरुस्त करा आणि पुढे चला.’ चुकीच्या वेळी घड्याळ थांबवू नका. आधी पाच जागांचा सराव द्या. मराठीत आणखी एक बारकी गोष्ट आहे: रंग लिंगाप्रमाणे बदलतात, ‘निळा’ की ‘निळी’ अशी प्रयुक्ताची चलबिचल होते, म्हणून तक्त्यावर छापलंय तेच रूप बोलायचं हे आधीच ठरवा. तांबडा-हिरवा ओळखण्यातला दोष पुरुषांत अगदीच दुर्मीळ नाही, तेव्हा चारही पेनं दाखवून रंग विचारून घ्या.

फरक येत नसेल तर प्रयुक्ताचे डोळे पाहा. डोळे किलकिले करून अक्षरं धूसर करणारे, किंवा फक्त शिरोरेषेकडे पाहणारे हुशार लोक असतात. त्यांना शब्दाच्या मधोमध बोट ठेवायला लावा.

दुसरा तक्ता इंग्रजी शब्दांचा करा आणि तिसरा अशा लिपीचा, जी प्रयुक्ताला येत नाही, कन्नड किंवा तमिळ. जी लिपी सरावाने आपोआप वाचली जाते तीच अडवते. न येणाऱ्या लिपीत वेळ चौकोनांच्या जवळपास राहतो. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांना दोन्ही तक्ते दिलेत तर कुठली लिपी त्यांच्या जास्त हाडीमाशी आहे ते सेकंदांत दिसतं. मराठी आणि इंग्रजी तक्त्यांत उत्तराची भाषा मात्र तक्त्याचीच ठेवा.

१९५६ आणि पुढे

११ सप्टेंबर १९५६ ला एमआयटीच्या परिसंवादात मिलर, चॉम्स्की, आणि नेवेल व सायमन यांनी एकाच दिवशी आपलं काम मांडलं. बोधनिक विज्ञानाचा जन्मदिवस म्हणून मिलर पुढे हीच तारीख सांगत असे. शॅननच्या १९४८ च्या माहिती-सिद्धांताने ‘माहिती’ मोजता येऊ लागली होती, संगणक आले होते, आणि डोक्यातल्या पायऱ्यांबद्दल बोलणं पुन्हा शास्त्रीय झालं होतं. ब्रॉडबेंटने १९५८ मध्ये त्याचा गाळणीचा आराखडा (लक्ष निवडक माहितीच आत सोडतं असा) दिला, नाइसरने १९६७ मध्ये विषयाला पुस्तक आणि नाव.

या काळातला ब्राउन आणि पीटरसन दांपत्याचा प्रयोग (१९५८-५९) जरूर करा. तीन अक्षरं ऐकवायची, लगेच एक संख्या द्यायची, तिच्यातून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजायला लावायचं, आणि ३, ९ किंवा १८ सेकंदांनी ‘अक्षरं?’ असं विचारायचं. प्रत्येक अंतराच्या चार, एकूण बारा फेऱ्या, क्रम मिसळलेला. उत्तराला दहा सेकंद.

देवनागरीत इथे सापळा आहे. प्रत्येक व्यंजनात अ दडलेला असल्याने तीन अक्षरं पटकन शब्द होतात: न-ग-र, ग-व-त, न-ज-र. शब्द झाला की ती तीन अक्षरं न राहता एक गोष्ट होते आणि कोणी विसरत नाही. ठ-ल-श, ढ-म-ख अशी जुळणी करा आणि ब-भ, त-थ असे जवळचे उच्चार एकत्र टाळा. दुसरा अडथळा मोजण्याचा. ‘दोनशे चौसष्ट, दोनशे एकसष्ट, दोनशे अठ्ठावन्न’ सेकंदाला एक या वेगाने म्हणणं अवघड आहे. शंभरपर्यंतच्या आपल्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतःचं नाव आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ सुचवल्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. दोन सेकंदांना एक असा ठोका ठेवा. इंग्रजीत मोजणाऱ्याला मोजू द्या, फक्त तसं लिहून ठेवा.

पीटरसनांच्या प्रयुक्तांना १८ सेकंदांनी दहातली जेमतेम एक जुळणी आठवली, आणि अल्पकालीन स्मृती आपोआप विरते असा अर्थ लावला गेला. तुमच्या वहीत पहिली फेरी वेगळी पाहा. ती १८ सेकंदांची असली तरी बहुतेकांना आठवते. केपेल आणि अंडरवुड यांनी १९६२ मध्ये हेच दाखवलं: आधीच्या फेऱ्यांची अक्षरं पुढच्यांच्या आड येतात. चार फेऱ्यांनंतर अचानक अक्षरांऐवजी तीन फळांची नावं द्या, आठवण पुन्हा उसळते. म्हणून ‘सरावाची फेरी’ म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या फेकून देऊ नका, सर्वांत मोलाचा आकडा त्यातच असतो.

मिलरच्या ‘सात अधिक-उणे दोन’चंही, म्हणजे एका वेळी साधारण इतक्याच गोष्टी लक्षात राहतात या म्हणण्याचंही, असंच आहे. फूल, पान, वीट, शेत, दूध, जीभ या शब्दांची यादी आणि वर्तमानपत्र, मंगळसूत्र, अभयारण्य, न्यायाधीश, उपाहारगृह, पुस्तकालय यांची यादी ऐकवून त्याच क्रमाने म्हणायला लावा. लांब शब्द कमी आठवतात. बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की माणूस सुमारे दोन सेकंदांत जेवढं उच्चारू शकतो तेवढंच त्याला धरून ठेवता येतं. प्रत्येकाचा वाचनाचा वेग मोजून ताडा. मग याद्या लेखी दाखवून, वाचताना सतत ‘एक-दोन, एक-दोन’ पुटपुटायला लावा: लांब-आखूडातला फरक जवळपास मिटतो. १९७४ च्या कार्यकारी स्मृतीच्या (काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या) आराखड्यातला उच्चारांचा फेरा तुम्ही बंद पाडलेला असतो.

१९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी पायऱ्यांऐवजी जोडण्यांचं जाळं मांडलं. ते कागदावर होत नाही, त्याला प्रोग्रॅम लिहावा लागतो. नाइसर मात्र १९७६ मध्येच स्वतःच्या विषयावर उलटला होता. प्रयोगशाळेतलं हे मन रोजच्या जगण्याला लागू पडतं का, असा त्याचा सवाल होता. निकरसन आणि अॅडम्स यांनी १९७९ मध्ये अमेरिकन लोकांना पेनीचं नाणं आठवून काढायला सांगितलं, आणि हजारो वेळा पाहिलेलं नाणं फार थोड्यांना धड काढता आलं.

आपल्याकडे हे हिरवट पिवळ्या वीस रुपयांच्या नोटेवर करा. कोरा कागद द्या, खिशाला हात लावू देऊ नका, आणि तीन प्रश्न विचारा: मागच्या बाजूला चित्र कशाचं, भाषांच्या पट्टीत ओळी किती, मराठी कितवी. आधी उत्तर, मग त्यापुढे खात्री शंभरपैकी किती, दोन्ही लिहून घ्या. खात्री नंतर विचारायची, कारण आधी विचारली की लोक सावध होतात. तपासायला: चित्र वेरूळचं, ओळी पंधरा, मराठी आठवी, मल्याळमच्या खाली.